समासात लिहिलेलं मत

मागच्या शनिवारी वाचनालयातून एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आणली. नाव सांगत नाही, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी ती असणारच. पुस्तक वीसेक वर्षं फिरलेलं, बांधणी दोनदा बदललेली, शंभराव्या पानावर चहाच्या कपाचा गोल. आणि समासात ही लिखापढी! निळ्या पेनाने कुणीतरी लिहिलंय, "याला पुरावा काय?" त्याखाली लाल पेनाने, "भावा, कादंबरी आहे ही." त्याखाली पुन्हा निळा, "मग 'ऐतिहासिक' कशाला म्हणता?" असं पन्नासेक पानं चाललंय. नंतर निळा थकला असावा. लाल पेनवाला मात्र शेवटपर्यंत "वा!" आणि "क्या बात है" लिहीत होता.

पण माझं लक्ष गेलं ते तिसऱ्या अक्षराकडे. बारीक, फिकट पेन्सिल, सगळ्या पुस्तकात फक्त एकदा. नायक मोहिमेवर निघालाय, बायको दारात ओवाळतेय, पुढच्या परिच्छेदात तो दोनशे मैलांवर पोचलेला. त्या दोन परिच्छेदांच्या मध्ये, समासात, दोन शब्द आणि प्रश्नचिन्ह: "आणि ती?"

रविवारभर ते दोन शब्द डोक्यात घोळत राहिले. मग नेहमीचा किडा वळवळला. मराठीत पुस्तक वाचून "आणि ती?" असं पहिल्यांदा कुणी विचारलं? म्हणजे पंडिताने नाही, संपादकाने नाही, नुसतं वाचणाऱ्या माणसाने? उत्तर सापडलं तेव्हा जरा लाजच वाटली, कारण ते माझ्याच गावचं निघालं. पण तिथे पोचायला थोडा वळसा घ्यावा लागेल, तेवढा सहन करा.

तर मंडळी, छापलेली मराठी पुस्तकं आली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. सुरुवातीची बरीचशी शाळेसाठी, व्याकरण-भूगोल-नीतिबोध वगैरे. त्यावर मत कोण देणार? आपण कधी भूगोलाच्या पुस्तकावर मत दिलंय? खरी मजा सुरू झाली ती लोक करमणुकीसाठी वाचायला लागल्यावर. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. मग नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८). राजपुत्र, राजकन्या, विरह, अद्भुत योगायोग, शेवटी मीलन. आजच्या वेब सिरीजला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा ही चाळून बघावीत.

'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी एक फार प्रामाणिक कबुली दिलीय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्या लोकांच्या लग्नाच्या रीती आणि एकूण राहणीच अशी आहे की रोजच्या जगण्यात मन गुंतवणारं काही घडतच नाही. जसं आहे तसं लिहिलं तर कोण वाचेल? म्हणून मनोरंजक पुस्तक करायचं तर अद्भुताकडे वळण्यावाचून इलाज नाही.

हे वाचून मी थांबलो. रिसबुडांच्या जागी उभं राहून बघितलं तर पटण्यासारखं आहे. मुलीचं लग्न आठ-दहाव्या वर्षी, मुलाचं त्याच्या आसपास. प्रेमात पडायला जागाच नाही, मग प्रेमकथा कुठून आणायची? पण दुसऱ्या बाजूने बघा. ज्या घरात आठ वर्षांची मुलगी सासरी येते, बाराव्या वर्षी विधवा होते, तिचं केशवपन होतं आणि उरलेलं आयुष्य ती मागच्या खोलीत काढते, त्या घरात "मन गुंतवणारं काही घडत नाही"? लेखकाच्या मशीनवर सगळं व्यवस्थित चालत होतं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या धंद्यात हे वाक्य रोज ऐकू येतं.

आता मतांकडे येऊ. १८६७ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' मासिक सुरू झालं आणि त्यात नव्या पुस्तकांची नीट परीक्षणं येऊ लागली. त्याचे संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर स्वतःच 'मोचनगड' ही कादंबरी त्याच मासिकातून क्रमशः लिहीत होते. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी ती हीच. (म्हणजे निळ्या-लाल पेनांचं भांडण दीडशे वर्षं जुनं आहे.) १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी कादंबरी आणि नाटक या दोन्हींवर एक स्वतंत्र निबंधच लिहिला. आणि १८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' आली.

चिपळूणकरांबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. माणूस तेवीस-चोवीस वर्षांचा, आणि महिन्यामागून महिना एकहाती मासिक चालवतो. सात-आठ वर्षांत चौऱ्याऐंशी अंक. गद्य असं की आजही मोठ्याने वाचावंसं वाटतं. पण परीक्षण कसं? जोतीराव फुल्यांची पुस्तकं हातात घेतली आणि भाषेच्या, व्याकरणाच्या चुकांवर मनसोक्त टिंगल केली. 'गुलामगिरी' १८७३ चं. ज्या पुस्तकाने हजारो वर्षांच्या व्यवस्थेचा हिशेब मागितला, त्याचा समाचार ऱ्हस्व-दीर्घावरून. सहा फायलींत डेटा चुकतोय हे कुणी दाखवावं आणि रिव्ह्यू करणाऱ्याने "इंडेंटेशन बरोबर नाही" म्हणून परत पाठवावं, तसलाच प्रकार. चुका असतील हो. पण मुद्द्याचं काय?

तरी हे सगळं 'कोड रिव्ह्यू' होतं, लिहिणाऱ्यांनी लिहिणाऱ्यांचं तपासणं. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी पुण्यात हिराबागेत ग्रंथकारांची सभा भरवली, तीही लिहिणाऱ्यांचीच. तिला आज आपण पहिलं मराठी साहित्य संमेलन म्हणतो. (शुक्रवारी संध्याकाळी हिराबाग चौकात आमची कॅब वीस मिनिटं अडकते, तेव्हा मी हाच विचार करतो की इथे कधीकाळी शांतता असेल.) ज्याच्यासाठी पुस्तक आहे, किंवा ज्याच्याविषयी आहे, त्याला काय वाटलं? ते अजून कागदावर यायचं होतं.

आलं १८८२ मध्ये. आणि आलं कुठून, तर वऱ्हाडातून, बुलढाण्याहून!

मी बुलढाण्याचा. बारावीपर्यंत तिथेच वाढलो, मग इंजिनिअरिंगला बाहेर पडलो. आमच्या जिल्ह्याचं नाव काढलं की लोकांना तीन गोष्टी आठवतात: लोणारचं सरोवर, जिजाऊंचं सिंदखेडराजा आणि शेगाव (त्यातही निम्म्यांना कचोरी). शहरात आजही रेल्वे नाही. मुंबई-नागपूर मार्ग खालून मलकापूरवरून जातो आणि आम्ही घाट चढून वर. अशा गावात तेव्हा पुण्या-मुंबईची पुस्तकं, वर्तमानपत्रं पोचत होती आणि एका घरात ती अगदी बारकाईने वाचली जात होती.

त्या घरातली मुलगी म्हणजे ताराबाई शिंदे. जन्म साधारण १८५० चा, म्हणजे चिपळूणकरांच्याच वयाची. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेड क्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. चार भाऊ, ही एकटी मुलगी. वडिलांनी घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. मराठा घर, त्यामुळे बाहेर मोकळं फिरणं नाही. नवरा घरजावई. मूलबाळ नाही. शाळा नाही, सभा नाही, व्याख्यानं नाहीत. होतं ते फक्त वाचन.

ठिणगी पडली १८८१ मध्ये. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे फाशी टळून शिक्षा कमी झाली, पण वर्तमानपत्रांना मात्र विषय मिळाला. 'पुणे वैभव' पत्राने समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं, बायका बिघडल्या, मोकाट सुटल्या वगैरे. तो मजकूर बुलढाण्यात वाचला गेला. आणि १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक पुस्तक छापलं गेलं: 'स्त्रीपुरुषतुलना'. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे.

या पुस्तकाला आज आपल्याकडचं स्त्रीवादी लेखनाचं पहिलं पान म्हणतात. ते आहेच. पण हे सगळे गौरव जरा बाजूला ठेवून मी ते वाचलं तेव्हा मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. हे एका वाचणाऱ्या बाईचं मतही आहे. तिने घरात बसून जे जे वाचलं त्या सगळ्याला दिलेलं उत्तर. आणि तिच्या वाचनात काय नाही? सुरुवात वर्तमानपत्रापासून. मग रामजी गणोजींचं 'स्त्रीचरित्र', म्हणजे बायकांच्या लबाड्यांच्या गोष्टींचं तेव्हा खपणारं पुस्तक. मग 'मनोरमा' नाटक. मग आपली 'मुक्तामाला', आपली 'मंजुघोषा'. आणि एवढ्यावर न थांबता रामायण, महाभारत, पुराणं. गोष्टींचं पुस्तक, नाटक, कादंबरी, धर्मग्रंथ, सगळे एका रांगेत, सगळ्यांना एकच कसोटी. चिपळूणकरांनी काव्य वेगळं, इतिहास वेगळा, भाषा वेगळी असं प्रकारवार पाहिलं असतं. ताराबाईंना प्रकारांशी देणंघेणं नाही. त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात: यातली बाई तुम्ही कुठे पाहिली?

हा प्रश्न साधा वाटतो, पण नीट बघा. कपट, चंचलपणा, अविचार असे जेवढे दोष या पुस्तकांनी बाईच्या पदरी बांधले, ते एकेक उचलून ताराबाई पुरुषाशेजारी ठेवतात आणि तोलतात. पुस्तकाचं नावच 'तुलना'. विधवेने वाईट पाऊल टाकलं म्हणता, मग दुसरं पाऊल कुणाचं होतं? पतिव्रतेचे नियम बाईला लावता, तर तेच नवऱ्याला का नाहीत? बायको मेली की तेराव्याच्या आत दुसरी बघणारा मोकळा, आणि नवरा मेला की हिने मात्र कोपऱ्यात बसायचं, हे कुठल्या न्यायाने? सुधारकांनाही सोडत नाहीत. पुनर्विवाहावर व्याख्यानं झोडणारे घरी गेल्यावर काय करतात, तेही त्या विचारतात.

भाषा तर विचारू नका. चिपळूणकरी गद्य म्हणजे दगडी वाडा. हे म्हणजे परसातली विहीर, तिथे चाललेलं बोलणं, त्यात म्हणी, टोमणे, शिव्यासुद्धा. वाक्यं लांबच्या लांब, एकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं, आणि मग एकदम चापट. मला तर काही ठिकाणी माझ्या आत्याचा आवाज ऐकू आला. सुरुवातीला त्या सांगतात की लिहिण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग, घरात कोंडलेली बाई मी, भाषा कठोर झाली असेल तर समजून घ्या. आणि हे म्हणून पुढे अजिबात मऊ लिहीत नाहीत. तो नम्रपणा खरा की तोही एक टोमणा, हे मी दोनदा वाचूनही ठरवू शकलो नाही. दुसऱ्यांदा वाचताना टोमणाच जास्त वाटला.

आता रिसबुडांची प्रस्तावना आठवा. ते म्हणाले होते की रोजच्या जगण्यात लिहिण्यासारखं काही नाही. चौदा वर्षांनी त्यांच्याच कादंबरीची एक वाचक म्हणते की माझ्या घरात, शेजारच्या घरात, कोर्टात, वर्तमानपत्रात रोज काय घडतंय ते हे बघा. लेखकाला जिथे काही दिसलं नाही, तिथेच ती बसलेली होती. पुढे १८९० पासून हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो' लिहायला घेतली. त्यात यमू नावाची मुलगी स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. माहेर, सासर, वैधव्य, केशवपन, राजपुत्र कुठेच नाही. आणि लोकांनी ती आठवड्याच्या आठवड्याला वाट बघून वाचली. रोजच्या जगण्यावर लिहिलं तर कोण वाचणार, या शंकेचा निकाल लागला.

पण मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट पुढे आहे. ताराबाईंच्या पुस्तकाचं काय झालं? चेष्टा झाली. सत्यशोधकांच्या स्वतःच्या गोटातूनही टीका झाली. जोतीरावांना राग आला, आणि १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेऊन लिहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरली होती. रानड्यांनी जोतीरावांनाही बोलावलं होतं, पण ते गेले नाहीत. त्याऐवजी पत्र पाठवलं. आशय असा की जे आमचे माणूस म्हणून असलेले हक्क मानत नाहीत, ज्यांच्या पुस्तकांत आमच्या दुःखाचा पत्ता नाही, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ कसा बसावा? ते पत्र आज गाजलेलं आहे, साहित्य संमेलनाचा विषय निघाला की हमखास त्याचा उल्लेख होतो. मला ते पत्र आणि 'स्त्रीपुरुषतुलना' ही सख्खी भावंडं वाटतात. दोन्हींत मराठी पुस्तकांचं पूर्ण कपाट समोर ठेवलंय आणि विचारलंय, यात आम्ही कुठे आहोत?

फरक एवढाच की जोतीरावांच्या मागे समाज होता, छापखाना होता, माणसं होती. ताराबाईंच्या मागे एक जोतीराव. 'स्त्रीपुरुषतुलना' हे त्यांचं पहिलं पुस्तक आणि शेवटचंही. पाचशे प्रती कुठे कुठे विरल्या. एखादी एखाद्या ग्रंथसंग्रहात धूळ खात राहिली. पुढे ९३ वर्षं काही नाही. १९७५ मध्ये अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, म्हणून आज ते आपल्या हातात आहे. १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅन्लन यांनी इंग्रजीत आणलं आणि मग ते परदेशातल्या विद्यापीठांतही शिकवलं जाऊ लागलं. आमच्या भाषेत सांगायचं तर तिकीट १८८२ मध्ये उघडलं, 'नॉट अ बग' म्हणून बंद झालं आणि १९७५ मध्ये रीओपन. दरम्यान कितीतरी कादंबऱ्यांत नायक मोहिमेवर गेले आणि दारातली ती दारातच राहिली.

आणि मी? बारा वर्षं त्या गावात शाळेत गेलो. वक्तृत्व स्पर्धांत भाग घेतला, 'आमचा जिल्हा' या विषयावर निबंध लिहिले, बक्षिसंही घेतली. लोणारची उल्का किती वर्षांपूर्वी पडली ते पाठ होतं. ताराबाईंचं नाव एकदाही ऐकलं नाही. शिक्षकांना दोष देत नाही, बहुधा त्यांनाही कुणी सांगितलं नसेल. पण चिपळूणकर मात्र आठवीपासून माहीत होते. चारशेक किलोमीटरवरचा परीक्षक आम्हाला ठाऊक होता आणि आमच्याच गल्लीतली वाचक नाही.

हे सगळं रविवारी रात्री फोनवर आईला सांगितलं. ती आयुष्यभर वाचत आली. दुपारची भांडी झाली की वाचनालयाचं पुस्तक, चाळीस वर्षं तरी. वडील पुस्तकांवर बोलायचे, पाहुणे आले की तास तास, स्वामी काय, ययाति काय. ती चहा आणून ठेवायची. मला वाटायचं तिला मत नसावं. फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यात काय, मला तर ययाति वाचतानाच वाटलं होतं, शर्मिष्ठेचं अजून थोडं हवं होतं."

मी विचारलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं?"

यावर मी काय बोलणार. विषय बदलून गुडघ्यांचं विचारलं, भावाच्या लग्नाचं विचारलं. ठेवताना ती म्हणाली, दिवाळीला येशील तेव्हा ते ताराबाईंचं पुस्तक घेऊन ये, विकतचं आण, वाचनालयाचं नको. परत करायची घाई नसते म्हणाली, आणि वर लिहिताही येतं.

लिहिताही येतं, हे तिने किती सहज म्हटलं ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं. दिवाळीला घरी गेलो की जिन्याखालचं तिचं कपाट उघडणार आहे. तिची स्वतःची पुस्तकं, बहुतेक रद्दीतून किंवा प्रदर्शनातून घेतलेली, वीस-पंचवीस असतील. आजवर एकही उघडून समास बघितलेला नाही.